कामाच्या दिवशीचा बीफ खिमा-भात: चाळीस मिनिटं, त्यातली पंधराच ओट्याशी

ह्यूस्टनकर | मंगळवार, रात्री ९:१२

आधीच सांगून ठेवतो, या धाग्यात बीफ आहे. ज्यांना चालत नाही त्यांनी खिमा बदलावा (टर्की, चिकन, मटण, काहीही) नाहीतर धागा बदलावा. खावं की खाऊ नये यावर कुणीतरी वेगळा धागा काढा, मी तिथेही येईन, पण जेवून.

आमच्याकडे मंगळवार-गुरुवार म्हणजे नुसती धांदल. बायको सहाला येते, मी सव्वासहाला, आणि साडेसातला थोरल्याला पोहायला सोडायचं असतं. तेवढ्यात पोळी-भाजी होत नाही असं नाही, पण एकजण ओट्याला जखडतो आणि धाकटीच्या गृहपाठाचा बोऱ्या वाजतो. अशा दिवशी हा भात.

मूळ शेजारच्या लुईझियाना राज्याचं. ह्यूस्टनहून पूर्वेला तीन-सव्वातीन तास गाडी हाणली की लाफायेत येतं. त्याच्या अलीकडे क्राउलीच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरं दिसतात. भात काढून झाला की त्याच खाचरांत पाणी सोडून क्रॉफिश (गोड्या पाण्यातले छोट्या लॉबस्टरसारखे जीव) वाढवतात. तिथला 'डर्टी राइस' प्रसिद्ध आहे. लाफायेतकडची मंडळी त्याला राइस ड्रेसिंग म्हणतात, थँक्सगिव्हिंगला टर्कीशेजारी तो हवाच. ऑफिसातल्या तिकडच्या मित्राने शिकवला, आणि मी तो आपल्या सोयीने एका भांड्यात आणला.

साहित्य (चार जणांना, उरलं तर एक डबा):
बीफ खिमा १ पाउंड, म्हणजे ४५४ ग्रॅम, ८५/१५ वाला (८५ टक्के मांस, १५ टक्के चरबी)
लांब दाण्याचा तांदूळ दीड कप, धुऊन निथळलेला
मोठा कांदा, हिरवी ढोबळी मिरची, सेलरीच्या दोन काड्या, सगळं बारीक चिरून
लसूण चार-पाच पाकळ्या
कोंबडीची कलेजी तीन-चार, अगदी बारीक चिरून (नको असेल तर नको, पण खरी चव तीच देते)
पाप्रिका एक चमचा, काळी मिरी, सुकं थाइम, केयेन किंवा आपलं लाल तिखट अर्धा-अर्धा चमचा, एक तमालपत्र, मीठ
पाणी किंवा चिकन स्टॉक अडीच कप
पातीचा कांदा वरून

जाड बुडाचं रुंद पातेलं मोठ्या आचेवर चांगलं तापवा. तेल नको. खिमा टाकून उलथन्याने थालीपीठ थापल्यासारखा तळभर पसरा आणि चार मिनिटं हात लावू नका. ढवळायचं नाही! खालून गडद तपकिरी कवच धरलं की उलटा, मग फोडा. ढवळत राहिलं की खिमा पाणी सोडतो, त्याच पाण्यात उकडतो, आणि करड्या रंगाचे ढेकूळ मिळतात. कलेजी आता घाला, दोन मिनिटं. मग कांदा-सेलरी-मिरची, शेवटी लसूण आणि मसाला. भाज्यांना सुटलेल्या पाण्यात तळाची खरपुडी खरवडून घ्या, रंग तिथेच आहे. तांदूळ त्या चरबीत दोन मिनिटं परता. पाणी, मीठ, तमालपत्र, एक उकळी, झाकण, मंद आच, सतरा-अठरा मिनिटं. गॅस बंद करून झाकण न उघडता आणखी दहा.

झाकण लागल्यावर तुम्ही मोकळे. गृहपाठ, पोहण्याची बॅग, काय ते करा.

---

चहाबाज | ९:२०

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). फोटो कुठाय?

---

कोथिंबीरवाली | ९:४१

आमच्याकडे बीफ नाही, पण टर्कीचा खिमा न्यू जर्सीत आठवड्याला एकदा असतोच. आणि दरवेळी तो पांढराफटक आणि कोरडा होतो, कितीही मसाला घाला. तुमची 'हात लावू नका' युक्ती टर्कीला चालेल का? आणि सेलरीचा वास पोरांना खपत नाही, वगळली तर?

---

ह्यूस्टनकर | १०:०५

कोथिंबीरवाली, आधी पाकीट बघा. ९९ टक्के लीन घेत असाल तर त्याला जगातली कुठलीच युक्ती लागू नाही, त्यात चरबीच नाही. ९३/७ घ्या किंवा मिळालं तर ८५/१५. मांडीचं मांस असलेला खिमा उत्तम.

दुसरं, टर्कीला पाणी फार. पाव चमचा खायचा सोडा एक मोठा चमचा पाण्यात विरघळवून खिम्याला चोळा आणि कांदा चिरेपर्यंत पंधरा मिनिटं ठेवा. सोड्याने मांस पाणी धरून ठेवतं आणि रंगही लवकर चढतो. बीफलाही चालतं हे. सोडा मात्र जास्त नको, साबणाची चव येते. पातेल्यात दोन चमचे तेल घाला, बीफसारखी स्वतःची चरबी सुटणार नाही. आणि रंगासाठी एक चमचा सोया सॉस. लुईझियानावाला मित्र नाक मुरडेल, मुरडू दे.

सेलरी वगळा, पण मग ढोबळी मिरची दुप्पट करा. नुसत्या कांद्यावर तो आपला खिमा-पुलाव होतो. वाईट नाही, पण वेगळा.

---

रात्रपाळी | १०:३३

मी इंग्लंडमध्ये हॉस्पिटलात काम करते, त्यामुळे थोडी भीती घालणं माझं कर्तव्य आहे :)

खिम्याचं आणि अख्ख्या तुकड्याचं गणित वेगळं असतं. स्टेकवरचे जंतू पृष्ठभागावर असतात, बाहेरून भाजला की मेले. खिम्यात दळताना बाहेरचं आत जातं, म्हणून तो आतपर्यंत शिजायलाच हवा. तुमच्या अमेरिकेत बीफ खिम्याला १६० फॅरनहाइट (७१ सेल्सियस) सांगतात, टर्की-चिकनला १६५ (७४). आमच्याकडे ७० सेल्सियसला दोन मिनिटं. गुलाबी रंग गेला म्हणजे शिजला असं समजू नका, खिमा कधीकधी शिजायच्या आधीच तपकिरी दिसतो. या पाककृतीत पुढे अठरा मिनिटं वाफ आहे, म्हणून चिंता नाही. पण नुसता परतून खाणाऱ्यांनी दहा-पंधरा डॉलरचा थर्मामीटर घ्यावा.

आणि ओट्यावर ठेवून खिमा वितळवणाऱ्या समस्त मराठी बायाबापड्यांनो (माझ्या सासूबाई यात आल्या): सकाळी आठला बाहेर काढून संध्याकाळी सहाला करायचा नाही. आदल्या रात्री फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये. विसरलात तर पिशवी घट्ट बंद करून गार पाण्यात बुडवा, अर्ध्या तासाने पाणी बदला, पाउंडभर तासाभरात मोकळा होतो. गरम पाणी नको.

---

वसईचा_पाव | बुधवार, सकाळी ७:५०

इथे वसईत आम्ही हाच प्रकार बाटली मसाल्यात करतो. ईस्ट इंडियन (म्हणजे इथल्या स्थानिक ख्रिश्चन) घरांत मे महिन्यात मसाला कुटून पावसाच्या आत गडद रंगाच्या बीअरच्या बाटल्यांत ठासून भरतात. खिम्याला दोन चमचे पुरतात, वेगळा गरम मसाला लागत नाही. बटाट्याच्या लहान फोडी, थोडा व्हिनेगर, आणि भात वेगळा.

फक्त एक लक्षात घ्या. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीबरोबर बैल आणि वळूच्याही कत्तलीवर बंदी आहे, म्हैस-रेडा त्यात येत नाही. म्हणजे इकडे जो 'बीफ खिमा' मिळतो तो म्हशीचा. रंगाने काळपट, चरबी बरीच कमी. तुमच्या ८५/१५ च्या हिशेबाने कोरड्या पातेल्यात टाकला तर चिकटेल. तेल घ्या, आणि भातात घालायच्या आधी अर्धी वाटी पाण्यात दहा-बारा मिनिटं झाकून शिजवा, तो जरा दमाने घेतो.

---

नाव_नको | सकाळी ९:१५

मराठी संकेतस्थळावर गोमांसाच्या पाककृती. हेच बघायचं राहिलं होतं.

---

बालाघाट | सकाळी ९:४८

नाव_नको, तुम्हाला बघायचं राहिलं असेल. आमच्या मराठवाड्यातल्या वस्तीत मोठ्याचं मटण पिढ्यान्‌पिढ्या शिजत आलंय, आणि ते शिजवणारी माझी आजी अस्सल मराठीच बोलायची, तुमच्या-माझ्यापेक्षा चांगली.

आता निघालाच आहे विषय तर सांगतो. मांस एकदम मिळायचं आणि फ्रीज नव्हता, तेव्हा आजी लांबच लांब पातळ पट्ट्या कापायची, बोटभर रुंद, आणि अंगणात दोरीवर कपड्यांसारख्या वाळत घालायची. कावळे हाकायला आम्ही पोरं. कडकडीत वाळल्या की चान्या तयार, मडक्यात भरून पावसाळ्याची बेगमी. कामावरून थकून आलेली बाई चार चान्या निखाऱ्यावर भाजायची, भाकरी आणि मिरचीचा ठेचा, झालं जेवण. कामाच्या दिवशीचं झटपट जेवण म्हणतात ते हेच की.

ह्यूस्टनकर, धागा झकास. कलेजी घालायची कल्पना तर फारच आवडली.

---

प्रशासक | सकाळी १०:३०

वरच्या दोन प्रतिसादांनंतर आलेले तीन प्रतिसाद काढले आहेत. धागा पाककृतीचा आहे. धागाकर्त्याने पहिल्याच ओळीत काय ते सांगितलं आहे. चान्यांवर बालाघाट यांनी स्वतंत्र लेख लिहावा, ही विनंती.

---

माझे_मीठ | सकाळी ११:०२

प्रशासकांना अनुमोदन, बालाघाट यांनी लिहाच.

माझा साधा प्रश्न. इन्स्टंट पॉटमध्ये (विजेवरच्या प्रेशर कुकरमध्ये) हे करू शकते का? मी मागे खिमा-भात लावला तर 'बर्न' लिहून आलं आणि सगळं पातेल्यात ओतावं लागलं.

---

शिदोरी | दुपारी १२:२०

माझे_मीठ, 'बर्न' येतं ते भांड्याचा तळ फार तापला म्हणून. तळाला काहीतरी चिकटलंय आणि पाणी तिथवर पोचत नाही. खिम्याला हे हमखास, कारण ती खरपुडी. उपाय तीन. खिमा परतून झाला की बंद करायच्या आधी अर्धा कप पाणी घालून लाकडी कालथ्याने तळ अक्षरशः काचेसारखा साफ करा. टोमॅटो किंवा टोमॅटो पेस्ट घालत असाल तर ती सगळ्यात शेवटी वर ठेवा, ढवळू नका. तांदूळ पसरून पाण्याखाली दाबा, पण तळाशी कालवू नका.

पाणी कमी करा, वाफ बाहेर जात नाही. बासमती धुऊन घेतला असेल तर कपाला कप, त्या तळ साफ करायच्या अर्ध्या कपासकट. प्रेशरवर पाच मिनिटं आणि दहा मिनिटं आपोआप वाफ जिरू द्या. वेळ फारसा वाचत नाही हे मात्र खरं, प्रेशर चढायलाच दहा मिनिटं जातात. वाचतं ते लक्ष. बटण दाबून तुम्ही पोहायला सोडायला जाऊ शकता, गॅसवरचं पातेलं ठेवून नाही.

---

निशीकासाई | दुपारी १:४०

एका भांड्याच्या कल्पनेला माझा ठाम विरोध नोंदवतो.

खिमा आणि तांदूळ एकत्र शिजवले की दोघांचं नुकसान. तांदळाला जेवढं पाणी लागतं त्यात खिम्याची कमावलेली खरपूस बाजू परत मऊ पडते. शिवाय खिमा किती पाणी सोडेल याचा नेम नाही, म्हणून भात कधी फडफडीत कधी गिच्च. राइस कुकर घरोघरी आहे ना? घरात शिरल्याशिरल्या भात लावा, तो होईतो दहा मिनिटांत खिमा होतो. उलट लवकर.

इथे टोक्योत लहान मुलांच्या डब्यात जातो तो सोबोरो. ३०० ग्रॅम खिमा, दोन मोठे चमचे सोया सॉस, दोन मिरिन (स्वयंपाकात वापरायची गोडसर तांदळाची वाइन), एक साखर, किसलेलं आलं. सगळं थंड पातेल्यातच एकत्र कालवायचं आणि मग गॅस लावायचा. हातात चॉपस्टिकच्या दोन-तीन जोड्या एकत्र मुठीत धरून गरागरा फिरवत राहायचं. एकाच जोडीने ढेकळं राहतात, चार-सहा काड्यांनी खिमा रव्यासारखा मोकळा होतो. पाणी आटलं, चकाकी आली की बंद. तशाच काड्यांनी अंडी मोडून बारीक पिवळा चुरा करा. गरम भातावर अर्धं हे, अर्धं ते, मध्ये हिरवे वाटाणे. पोरं ताट चाटतात.

इथे नव्याने आलेल्यांसाठी: जपानी सुपरमार्केटात 'आइबिकी' लिहिलेला खिमा म्हणजे बीफ आणि डुक्कर एकत्र. तो नुसत्या बीफपेक्षा स्वस्त असतो. नुसतं बीफ हवं तर 'ग्यू' बघून घ्या.

---

ह्यूस्टनकर | दुपारी ३:१५

निशीकासाई, सोबोरो करून बघणार, काड्यांची युक्ती भारी आहे. पण तुमचा हिशेब भांडी घासणाऱ्याला विचारून केलेला दिसत नाही. तुमचे राइस कुकर, कढई, अंड्याचं पातेलं. माझं एक.

गंमत म्हणजे लुईझियानात तुमच्याच बाजूचे लोक जास्त आहेत. खरा डर्टी राइस म्हणजे आधी शिजवलेला भात शेवटी खिम्यात मिसळतात. मित्राची आई तसाच करते. कालचा भात असेल तर मीही तसाच करतो, मग सगळं वीस मिनिटांत. पण रोज कालचा भात कुठून आणू? तांदूळ चरबीत परतून त्याच रसात शिजला की प्रत्येक दाण्याला चव लागते, ती वरून मिसळून येत नाही. गिच्च होण्याचा प्रश्न पाणी मोजून सुटतो. खिमा कोरडा होईतो परतला असेल, पातेल्यात पाणी दिसत नसेल, तरच तांदूळ घाला.

---

रात्रपाळी | दुपारी ३:५०

'कालचा भात' वाचून परत आले. भात तासाभरात गार करून फ्रीजमध्ये गेलेला असावा, रात्रभर कुकरात राहिलेला नाही. भातातल्या जंतूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि खोलीच्या तापमानाला ते जे विष तयार करतात ते पुन्हा गरम करून जात नाही. आमच्याकडे उरलेला भात एका दिवसात संपवा म्हणतात. पसरट ताटात काढला की लवकर गार होतो.

---

शिदोरी | रात्री ८:३०

मला यातलं खरं दुखणं वेगळंच वाटतं. सगळे शिजवण्याची मिनिटं मोजताहेत. संध्याकाळचा वेळ शिजवण्यात जातच नाही. तो जातो खिमा वितळवण्यात आणि कांदा चिरण्यात.

मी रविवारी तीन पाउंड खिमा एकदम परतून ठेवते. एकदम म्हणजे तीन घाण्यांत, एकाच वेळी पातेल्यात कोंबला तर वर धागाकर्ते म्हणाले तसा उकडतो. फक्त मीठ, मिरी, लसूण. मसाला नाही, कारण बुधवारी त्याचं काय करायचंय हे रविवारी कुणाला माहीत असतं? ताटात पसरून गार केला की पाउंडाच्या हिशेबाने झिपच्या पिशव्यांत भरायचा आणि हाताने दाबून पुस्तकाएवढा चपटा करायचा. हवा काढून टाकायची. फ्रीजरमध्ये फायलींसारख्या उभ्या रचून ठेवते. गोळा करून गोठवलेला खिमा तासन्‌तास दगडासारखा राहतो, हा चपटा सरळ गरम पातेल्यात मोडून टाकला की पाच मिनिटांत मोकळा. आधीच शिजलेला असल्याने वितळवायचीही गरज नाही. दोन-तीन महिने चव टिकते.

कांद्याचं म्हणाल तर टेक्सास-लुईझियानाकडे कांदा, सेलरी, ढोबळी मिरची चिरून गोठवलेलं एकत्र पाकीटच मिळतं. ह्यूस्टनकर, तुम्ही अजून चिरत बसता? इतरांनी चिरलेला फ्रोझन कांदा आणावा. पाणी सुटतं, म्हणून आच मोठी ठेवा.

---

ह्यूस्टनकर | रात्री ९:०५

ते पाकीट माहीत आहे. सुरी चालवताना पोराकडून पाढे म्हणून घेतो, तेवढाच आमचा संवाद, म्हणून चिरतो. पण तुमची चपटी पिशवी या रविवारपासून सुरू.

---

केतकी_पानी | रात्री ९:४४

८०/२० स्वस्त मिळाला म्हणून घेतलाय. चरबी काढून टाकायची का? आणि कुठे?

---

माझे_मीठ | रात्री ९:५२

सिंकमध्ये ओतू नकोस गं बाई! गार झाली की पाइपात मेणासारखी बसते. रिकाम्या टिनच्या डब्यात काढ, थिजली की कचऱ्यात.

---

ह्यूस्टनकर | रात्री १०:१०

माझे_मीठ यांना +१. केतकी, सगळी काढू नका. पातेलं तिरकं करून दोन मोठे चमचे मागे ठेवा, तांदूळ त्यातच परतायचाय. परतलेला खिमा नळाखाली धुणारे लोक मी पाहिलेत, ते करू नका, मेहनतीने आणलेली चव नाल्यात जाते. पाकिटांवरचं गणितही सांगून ठेवतो. 'चक' (खांद्याकडचा) लिहिलेला साधारण ८०/२०, 'राउंड' (मागच्या मांडीचा) ८५ च्या आसपास, 'सरलॉइन' (कमरेकडचा) ९०. नुसतं 'हॅम्बर्गर' लिहिलं असेल तर त्यात वरून चरबी घातलेली असू शकते, 'ग्राउंड बीफ'मध्ये तशी घालायला परवानगी नाही. दोन्हींत कमाल ३० टक्के. भातासाठी ८५ बरा. ९३ च्या वर गेलात तर तेल घालावंच लागतं, मग जास्त पैसे कशाला मोजायचे?

---

ताळगावकार | गुरुवार, सकाळी ८:२०

गोव्यातून रामराम. उरलेल्या खिम्याचं काय, कुणी बोललंच नाही. भात घालायच्या आधी थोडा परतलेला खिमा बाजूला काढा. दुसऱ्या दिवशी उकडलेला बटाटा किंवा भिजवून पिळलेला पाव, कोथिंबीर, हिरवी मिरची घालून मळा, बोटाएवढे लांबट रोल वळा, अंड्यात बुडवून रव्यात घोळवा आणि कमी तेलात तळा. आमच्याकडच्या लग्न-बाप्तिस्म्यात क्रोकेट संपले की लोक यजमानाकडे संशयाने बघतात. शुक्रवारी संध्याकाळी बीअरबरोबर हे आणि शिळं खाल्ल्याचं कुणाला कळणारही नाही.

---

बालाघाट | सकाळी ९:३०

काल रात्री केला, पुण्यात, मोठ्याच्याच खिम्याचा. वसईच्या_पावांनी सांगितल्याप्रमाणे आधी झाकून शिजवून घेतला. सेलरी मिळाली नाही, थाइम नव्हतं. कांदा, ढोबळी मिरची, कांदा-लसूण मसाला, शेवटी मूठभर मटार आणि लिंबू. कलेजी घातलीच. आंबेमोहोर होता घरात, तो चिकट म्हणून पाणी कमी, दीड कपाला दोन कप. भात मऊ झाला पण गिच्च नाही. याला आता लुईझियानाचं नाव देता येणार नाही, पण ताटात काही उरलं नाही.

---

ह्यूस्टनकर | सकाळी १०:१५

बालाघाट, बेस्ट! नाव काहीही द्या. आंबेमोहोराने केलेला मी खायला येईन.

---

कोथिंबीरवाली | रात्री ८:१०

टर्की, सोडा, सोया सॉस, सेलरीशिवाय. या वेळी खरंच तपकिरी झाला! पाच मिनिटं हात बांधून उभी राहिले, तेच सगळ्यात अवघड होतं. मुलाने दुसऱ्यांदा मागून घेतला, मुलीने ढोबळी मिरची वेचून ताटाच्या कडेला ओळीने मांडली, ठीक आहे.

आता शाळेच्या डब्याचं. थर्मासमध्ये दिला तर दुपारी बारापर्यंत गरम राहील का? की गार आणि चरबी थिजलेली मिळेल?

---

रात्रपाळी | रात्री ८:४५

राहील. थर्मासमध्ये आधी उकळतं पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा, ते ओतून लगेच वाफाळता भात काठोकाठ भरा. अर्धा भरला तर लवकर निवतो. आदल्या रात्रीचा उरलेला असेल तर सकाळी नुसता कोमट करून भरू नका, पाण्याचा हबका मारून चांगला वाफ येईपर्यंत गरम करा. टर्कीला चरबी कमी, थिजायची भीती नाही. बीफवाल्यांनी वरून लिंबू आणि चिरलेला पातीचा कांदा वेगळ्या पुडीत द्यावा, गरम डब्यात तो काळा पडतो.

---

कोथिंबीरवाली | रात्री ८:५०

धन्यवाद गं. उद्याच भरते.